नवसागराचा धूर

तो माघातल्या एका संध्याकाळी आला,
खांद्यावर भाता, हातात कथलाची कांडी,
आणि उपरण्याखाली, जिथं तोंड असतं,
तिथं घासून गुळगुळीत केलेली परात.

"कल्हईऽऽ" म्हणाला म्हणे.
मी ऐकलं नाही.
मी जुन्या तांबट आळीतली,
बापाच्या ऐरणीशेजारी माझा पाळणा,
पाचव्या वर्षी कान मिटले ते मिटलेच.
मला नुसतं दिसलं:
बायका उंबरे ओलांडून चालल्यात,
मागे दूध उतू जातंय, कुणी वळत नाही,
आणि रडणारं पोर खाली ठेवून
कडेवर घागर.

त्यानं पैसे घेतले नाहीत.
एवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं.

पांढरा धूर आळीभर बसून राहिला.
हंडे, तपेल्या, देवघरातली पंचपात्रं
आतून चांदण्यासारखी.
पाणी प्यायला वाकलं की चेहरा उमटायचा,
भांडं बाजूला ठेवलं तरी
तो आतच राहायचा.
रोज थोडा. आधी भुवया. मग हसण्याची सुरकुती.
होळीपर्यंत माझा बाप ऐरणीवर कोऱ्या पाटीसारखा,
ठोके बरोबर, हात बरोबर,
वर बघितलं की कुणीच नाही.

बारकू कोळ्याचा. रामकुंडात नाण्यांसाठी बुड्या मारायचा.
हाक आली तेव्हा तो पाण्याखाली होता,
आणि त्यांच्या घरात तांब्याचं भांडंच नव्हतं,
तो ओंजळीनं प्यायचा.
त्यानं खुणांनी सांगितलं:
तळाशी भट्टी आहे, पाण्यात विझत नाही,
शेजारी मूस, माणसाच्या डोक्याएवढी.
पंचमीच्या पहाटे भांडी आपल्या पायांनी घाटावर येतील.
तो सगळे चेहरे वितळवील, एकच ओतील,
स्वतःसाठी,
आणि बघेल त्याला वाटेल, हा माझाच कुणीतरी.

आम्ही तान्हूबाईकडे गेलो.
रहाडीवरची माती वर्षभर तीच झाडते,
पाणी मडक्यातलं पिते.
ती खूप वेळ तंबाखू मळत बसली.
मग तिचे ओठ मी वाचले:
"पंचमीला या गावात कोण कुणाला ओळखतं गं?"

मुहूर्ताआधी रहाड उघडू नये. उघडली तर ती काहीतरी मागते.
ते आम्हाला ठाऊक होतं.
चौथीच्या रात्री माती उपसली, फळ्या काढल्या,
पळसाची फुलं कढईत रटरटली,
आणि घरोघरी, झोपलेल्यांच्या उशाशी,
प्रत्येक भांड्यात एक एक वाटी रंग.
आतले चेहरे डोळे मिचकावत केशरी झाले.

पहाटे भांडी निघाली, पायऱ्या उतरली.
त्यानं एकेक ओतलं, निवडायला गेला,
पण आजी कुठली, नात कुठली,
सावकार कोण, हमाल कोण,
सगळे सारखे, सगळे निथळत,
बोटांतून निसटून पळाले गल्लीगल्लीत.
साच्यात उतरला नुसता रंग.
मूस तडकली.
तो किंचाळला असेल. मला माहीत नाही.

बापाचा चेहरा परत आला,
डाव्या गालावर शेजारच्या सोनारणीचा तीळ घेऊन.
आठवडाभर सगळं गाव
कळकलेलं ताक मोरीत ओतत होतं.

एकच घागर तळाशी अडकली होती,
एका तान्ह्या मुलीची.
बारकूनं बुडी मारली.
वर आला तेव्हा मुलीचा चेहरा त्याच्या ओंजळीत होता,
आणि त्याचा स्वतःचा नव्हता.
त्याची आई घाटावरून त्याला शोधत पुढे निघून गेली.
मी हात बघितले. नखांतला गाळ बघितला.
हाच.

आता तो उपरणं घेऊन फिरतो.
पंचमीला मात्र रहाडीत पहिली उडी त्याची.
डोक्यापासून पायापर्यंत केशरी होऊन वर येतो,
आणि त्याची आई, खुद्द त्याची आई,
गर्दीत त्याच्या पाठीवर थाप मारते:
काय रे बारक्या.
तिचे ओठ मी दुरून वाचते.